डी अँड डी: लढाई दोन राउंडांत संपते, कथेवाल्या खेळाडूंनी काय करायचं?

पडदा_आणि_फासे:
डी अँड डी, म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा फाशांवर चालणारा कथाखेळ: पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम. डीएम, म्हणजे खेळ चालवणारी व्यक्ती, मी. चार खेळाडू, सगळे पाचव्या लेव्हलला. फायटरची (लढवय्याची) डेक्स (चपळाई) १८, आर्चरी स्टाइल (तिरंदाजीचं कसब), लाँगबो (लांब धनुष्य) आणि शार्पशूटर फीट (खास कौशल्य). पॅलाडिनही (दैवी शक्तीचा योद्धा) पक्का बांधलेला. बार्ड (गाणारा जादूगार) आणि क्लेरिक (पुजारी) मात्र पात्रात रमणारे. बार्डची डेक्स १६, हातात रेपियर तलवार. सेशनला एकच लढाई होते आणि तीही लगेच आटोपते. शत्रूंचा एसी (वार लागायला फाशाच्या बेरजेने गाठायचा आकडा) २० वर नेला तर चालेल का, की फीटच बंद करावं? मन लावून कॅरेक्टर बांधणाऱ्याला शिक्षा झाल्यासारखं वाटू नये.

वीसमुखी:
एसीला हात लावू नका. क्रिट (फाशावर २० पडल्यावरचा जादा मार) बाजूला ठेवून हिशोब करा. शार्पशूटरचे −५/+१० (नेमात ५ वजा, डॅमेजमध्ये म्हणजे इजेत १० अधिक) लावल्यावर फायटरचा टू-हिट (वीसमुखी फाशात मिळवायचा आकडा) +४ होतो. एसी १५ समोर निम्मे बाण लागतात, प्रत्येकी सरासरी १८.५. दोन बाण धरले तर राउंडला १८.५ डॅमेज. बार्ड +६ ने ६०% वेळा लागतो, वार ७.५ चा, म्हणजे ४.५. एसी २० केला की फायटर ९.२५ वर येतो आणि बार्ड २.६ वर. चौपटीचं अंतर साडेतीन पटींवर आलं, पण बार्डच्या तीन पाळ्यांतल्या जवळपास दोन फुकट गेल्या. मार त्यालाच बसला.

झाडाआड शत्रू लपवूनही भागत नाही, शार्पशूटर अर्धा आणि पाऊण आडोसा मोजतच नाही. फॉग क्लाउड या धुक्याच्या मंत्रावरही विसंबू नका: दोघांनाही एकमेक दिसत नसतील तर अॅडव्हांटेज (दोन फाशांतला मोठा आकडा धरणं) आणि डिसअॅडव्हांटेज (लहान आकडा धरणं) एकमेकांना खातात. पूर्ण आडोसा द्या: दारं, कोपरे, जिन्याची वळणं.

२०२४ च्या नियमांत शार्पशूटरमधून −५/+१० गेलं आहे. पण चालू कॅम्पेनमध्ये एकतर्फी बदल नको. बोलून ठरवा आणि फीट बदलून घ्यायची मुभा द्या.

कंदील_आणि_दोर:
खरं दुखणं 'सेशनला एकच लढाई' हे आहे. २०१४ चं डीएमचं पुस्तक एका दिवसात सहा ते आठ मध्यम किंवा कठीण चकमकी धरून चालतं. पाचव्या लेव्हलच्या पॅलाडिनकडे पहिल्या पातळीचे ४ आणि दुसऱ्या पातळीचे २ स्लॉट (मंत्रशक्तीचे साठे) असतात. एकच लढाई आहे हे कळलं की सहाही स्माइटमध्ये (स्लॉट खर्चून वाराला जादा डॅमेज) जाणार, त्यात त्याची काय चूक? सेशन संपलं म्हणजे लाँग रेस्ट (शक्ती परत देणारी मोठी विश्रांती) झाली, ही सवय मोडा. उरलेले स्लॉट आणि एचपी (प्राणशक्ती) कार्डावर लिहून ठेवा, पुढचं सेशन तिथूनच. आठ तासांची शॉर्ट रेस्ट आणि सात दिवसांची लाँग रेस्ट हा पर्यायी नियम कथेला छान श्वास देतो, पण मेज आर्मर या जादुई चिलखतासारखे तासांवर चालणारे स्पेल त्यात लंगडे पडतात.

नकाशावेडी:
दोघांशी सहमत, पण मारण्याखेरीज काही पणाला लागलं नाही तर बार्ड प्रेक्षकच राहील. हे करून बघा: एक ओगर (धिप्पाड राक्षस), सहा हॉबगॉब्लिन (राक्षसी शिपाई). १०५० एक्सपी (शत्रूंच्या ताकदीचे गुण), सात शत्रूंचा अडीचचा गुणक लावून २६२५, चौघांसाठी मध्यम. ते एका कैद्याला ९० फुटांवरच्या नावेकडे ओढत नेताहेत. ओढताना वेग निम्मा, १५ फूट. डॅश (पाळीतली मुख्य कृतीही पळण्यात घालणं) धरून ३०. म्हणजे तीन राउंड. ओढणारा पडला की दुसरा कैद्याला धरतो.

कैदी कोण? फायटरच्या भावाच्या खुनाचा एकमेव साक्षीदार. बॅकस्टोरी ऑप्टिमायझरच्या (आकडे पक्के बांधणाऱ्याच्या, इथे फायटरच्या) गळ्यात घाला, तो तुमच्याआधी कथेत उतरतो. आणि हॉबगॉब्लिनांचा पगार तीन महिने थकला आहे. हे बार्डला आदल्या दृश्यात, गावच्या खानावळीत कळू दे, म्हणजे लढाईत त्याच्या बोलण्याला धार येते.

एक जपा: ज्याला वार लागतो त्याच्या शेजारी हॉबगॉब्लिनचा साथीदार असेल तर हॉबगॉब्लिनच्या वाराला २डी६ (दोन सहामुखी फासे) जादा डॅमेज. असे तीन वार म्हणजे सरासरी ३७. तेवढ्यात बार्ड आडवा होऊ शकतो.

पडदा_आणि_फासे:
पगाराची गोष्ट आवडली. पर्सुएशनला (मन वळवायला) अॅक्शन (पाळीतली मुख्य कृती) धरू ना? आणि डीसी (यशासाठी गाठायचा आकडा)?

नकाशावेडी:
हो, एक अॅक्शन. डीसी १५, थकबाकीचा नेमका उल्लेख केला तर १०. यश मिळालं तर दोन हॉबगॉब्लिन हत्यार खाली ठेवतात, सगळे नाही. नाहीतर पॅलाडिनची लढाई पळवल्यासारखं होईल.