कोजागिरीला मैदानात दिवे किती आणि कुठे?

सचिव_बी_विंग: मैदान ४० बाय ६० फूट, दीडशे माणसं. आठ ते बारा: भेंड्या, फुगड्या, मग दूध. मंडपवाला १०० वॅटचे चार पांढरे एलईडी फ्लड (मोठ्या जागेवर झोत टाकणारे दिवे) लावू म्हणतोय. वीज क्लबहाउसच्या एकाच १६ अँपिअरच्या सॉकेटवरून घ्यायची आहे.

उजेडवाला: चार फ्लड म्हणजे साधारण ४०,००० ल्यूमेन (दिव्यातून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप). त्यात बॉक्स क्रिकेट होईल, चंद्र मात्र कोणी बघणार नाही. बसाय-फिरायला १० लक्स, म्हणजे दर चौरस मीटरला १० ल्यूमेन, पुरे. मैदान २२३ चौरस मीटर, म्हणजे २,२३० ल्यूमेन. निम्मा उजेड वाया जातो असं धरून ४,५००. एक वॅटचे ५० वॉर्म, म्हणजे पिवळसर बल्ब (३००० केल्विन) तेवढा देतात. परीघ २०० फूट, दर चार फुटांना एक बल्ब, उंची नऊ-दहा फूट. डोक्यावरून आडव्या माळा नकोत, आकाश मोकळं राहू द्या. आधी नायलॉनची दोरी ताणा आणि माळ तिला बांधा; वजन वायरवर आलं की होल्डरपाशी जोड सुटतो.

वॉर्मचा आणखी एक फायदा: पांढऱ्या दिव्यावर किडे जास्त येतात, आणि खाली दुधाचं पातेलं असतं.

फेज_न्यूट्रल: दिव्यांचा लोड जेमतेम ५० वॅट, त्याची चिंता नाही. एमसीबी (जास्त लोड आला की वीज तोडणारा स्विच) पडते ती कोणीतरी त्याच बोर्डात इंडक्शन शेगडीसारख्या जड वस्तू एकदम लावतं म्हणून. दूध गॅसवरच तापवा. सॉकेटच्या मागे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) आहे का, आधी पाहा. ऑक्टोबरात रात्री दव पडतं, त्यामुळे प्लगचे जोड गवतावर नकोत, विटेवर ठेवून वरून झाका. एक्स्टेंशनचं भेंडोळं पूर्ण उलगडा. गुंडाळलेली वायर लोडवर तापते.

सचिव_बी_विंग: बारा वाजता उजेड कमी करायचा तर पंख्याचा रेग्युलेटर चालेल?

फेज_न्यूट्रल: नाही. साधे एलईडी त्यावर लुकलुकतात, आतलं सर्किट (ड्रायव्हर) पण जातं. माळेचे दोन भाग करा, २५-२५ बल्ब, स्विच वेगळे. दूध चांदण्यात ठेवताना एक बंद.

उजेडवाला: पातेल्यापाशी मात्र काटकसर नको. गॅस, उकळतं दूध, मधेमधे पोरं. तिथे १० वॅटचा एक फ्लड सात फुटांवर, तोंड सरळ खाली, आणि वाढप संपेपर्यंत चालूच. रंगीत पार लाइट (स्टेजवरचे झोताचे दिवे) तिथे लावू देऊ नका. निळ्या उजेडात केशरी दूध राखाडी दिसतं.