मदत हवी आहे : जुना टार्गेट क्रॉसबो, नक्की कुठला आणि किती जुना?

नमस्कार मंडळी, इथे जुन्या वस्तूंचा नाद असलेले बरेच जण आहेत म्हणून विचारतोय. सध्या स्वित्झर्लंडमधे बासेलला असतो, इथल्या जुन्या बाजारात निशाणेबाजीचा एक क्रॉसबो (बंदुकीसारख्या दस्त्यावर आडवं बसवलेलं धनुष्य) मिळाला. विकणारे आजोबा म्हणाले सतराशे सालचा आहे, पण या देशात क्रॉसबो म्हटलं की गाडी विल्हेल्म टेलपर्यंत (मुलाच्या डोक्यावरचं सफरचंद क्रॉसबोने टिपणारा दंतकथेतला स्विस वीर) जातेच, त्यामुळे विश्वास बसत नाहीये.

दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, मागची पितळी पट्टी खांद्यात अडकेल अशी आकड्यासारखी वळलेली, कमान पोलादी, ट्रिगर दोन. नेम धरायला मागे बारीक भोकाची चकती आहे आणि ती स्क्रूने वरखाली होते. वर बाणासाठी सरळ खाच. दोरी गायब. नाव-शिक्का काही दिसत नाही. स्विस, जर्मन की बेल्जियन? आणि दोरी बांधून एकदा चालवून बघू का?

प्रतिसाद :
अजिबात चालवू नका! जुनी पोलादी कमान तडकलेली असली तरी वरून कळेलच असं नाही आणि ताणल्यावर तुटली तर तुकडा थेट तोंडावर.

खाच आहे म्हणजे बाणाचाच. गोळ्या मारायच्या क्रॉसबोला दुहेरी दोरी असते, मधे गोळीसाठी छोटी झोळी, इंग्लंडात कावळे मारायला असले वापरायचे. दोन ट्रिगर म्हणजे एकाने यंत्रणा ताणून ठेवायची, मग दुसरा अगदी हलक्या स्पर्शाने सुटतो; पण त्या हलक्या चापावरून साल काढायला जाऊ नका, ती करामत जर्मन कारागिरांना फार आधीपासून येत होती. मला दस्ता जास्त बोलका वाटतो. जुन्या जर्मन क्रॉसबोचा दांडा सरळ असायचा, तो गालाला लावून धरायचे, खांद्याला नाही, आणि तुमचा आकार तर सरळसरळ एकोणिसाव्या शतकातल्या टार्गेट रायफलचा, त्यामुळे सतराशे विसरा. स्क्रू नीट बघा, चौफुलीची खाच असेल तर तो स्क्रू 1930 नंतरचा, अर्थात तेवढाच नंतर बदललेलाही असू शकतो. आणि ती चकती काढून खालची बाजू बघा, शिक्के तिथे लपतात.

धागाकर्ता :
बघितलं! स्क्रू सगळे एका सरळ खाचेचे. चकतीच्या खाली डी.आर.जी.एम. आणि पुढे एक आकडा, अर्धा घासलेला.

प्रतिसाद :
भारीच की! डी.आर.जी.एम. म्हणजे जर्मन साम्राज्याची 'उपयुक्त नमुना' नोंदणी, छोट्या पेटंटसारखी, 1891 पासून सुरू झालेली. म्हणजे चकती त्याआधीची नाही आणि जर्मन नोंदणीची. पण हे फक्त चकतीचं हं, दस्ता-कमान आधीची असून नेम मागाहून बसवलेला असू शकतो. चकतीखालच्या लाकडात जुनी बुजवलेली भोकं आहेत का? आणि लाकडाचा रंग तिथे वेगळा दिसतोय का? नोंदणीचे आकडे ओळीने दिले जायचे, त्यामुळे आकडा एकूण किती अंकी आहे ते कळलं आणि सुरुवातीचे दोन-तीन अंक वाचता आले तरी अंदाजे साल निघेल. कागद ठेवून वरून पेन्सिल घासून बघा, ब्रशने किंवा ब्रासोने साफ करू नका प्लीज.

धागाकर्ता :
एक भोक आहे, लाकडाची खुंटी मारून बुजवलेलं. पेन्सिल घासून फोटो टाकतो.