मदत हवी आहे: ६.५ क्रीडमोर काडतुसात गोळी नक्की किती आत बसवायची?

नमस्कार मंडळी. मी डॅलसजवळ राहतो आणि दीड वर्षापासून गॅरेजमध्ये स्वतःची काडतुसं भरतो. (बायकोने आईला फोनवर "हे रात्री गॅरेजमध्ये दारू मोजत बसतात" असं सांगितल्यापासून घरी माझी जी प्रतिमा झाली आहे, त्यावर धागा नंतर कधीतरी.)

रायफल साधी बोल्ट ॲक्शन, ६.५ क्रीडमोर. गोळी १४३ ग्रेन (वजन) ईएलडी-एक्स, म्हणजे प्लास्टिक टोकाची शिकारीची गोळी. पुंगळ्या याच रायफलमधून एकदा उडवलेल्या, मग साइझ केलेल्या (डायमध्ये दाबून पुन्हा मापात आणलेल्या). उपयोग हरणाच्या सीझनमध्ये, २५० यार्डांच्या आतच.

आतापर्यंत मी काडतुसाची एकूण लांबी २.८०० इंच धरून गोळी बसवत होतो. या काडतुसाची मान्य कमाल लांबी २.८२५, त्यामुळे काही अडलं नाही. पण रेंजवरच्या एका आजोबांनी विचारलं, "तुझ्या गोळीला आट्यांपर्यंत किती उडी मारावी लागते?" (आटे म्हणजे बॅरलच्या आतल्या पिळदार खाचा; उडी म्हणजे गोळी आणि आटे यांतली मोकळी जागा.) आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून मापायचं गेज (पुंगळीत गोळी ठेवून दांडीने आट्यांपर्यंत सरकवायची) आणि कम्पॅरेटर (टोकाऐवजी गोळीच्या फुगवट्यापासून मोजणारा) आणला, आणि तिथून घोळ सुरू झाला.

गोळी बॅरलमधल्या आट्यांना जिथे टेकते तिथलं माप, पुंगळीच्या बुडापासून गोळीच्या फुगवट्यापर्यंत, पाच वेळा घेतलं: २.२३१, २.२३८, २.२१९, २.२३३, २.२३२. म्हणजे १९ थाऊचा फरक! (नवख्यांसाठी: थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग.) यातलं खरं कुठलं?

तरी २.२३२ धरून १०, २०, ३० आणि ४० थाऊ उडी ठेवली आणि प्रत्येकी तीन गोळ्या १०० यार्डांवर मारल्या. ग्रुप (भोकांचा पसारा) आले ०.९, ०.६, १.३ आणि ०.७ इंच. खूश होऊन २० थाऊवर शिक्कामोर्तब केलं. पुढच्या शनिवारी तोच २० थाऊचा लोड (तशीच भरलेली काडतुसं) १.२ इंच! वारा नव्हता, चहाही एकच घेतला होता.

प्रश्न तीन. माप कसं घ्यायचं? योग्य उडी कशी शोधायची? आणि गोळी दाबून बसवणाऱ्या डायची सेटिंग न हलवता एका काडतुसापासून दुसऱ्यापर्यंत चार-पाच थाऊ फरक का पडतो?

भोसरीचा फिटर
पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या हातात आहे, शब्दशः. २.२३८ ला तुम्ही दांडी जोरात ढकललीत आणि गोळी आट्यांत रुतली. बाहेर काढताना ती गेजच्या पुंगळीतून सुटून बॅरलमध्येच राहिली होती का?

धागाकर्ता
हो! क्लीनिंग रॉडने समोरून हलकेच ठोकून काढावी लागली. तुम्हाला कसं कळलं?

भोसरीचा फिटर
कारण आम्ही सगळ्यांनी ते केलंय. आणि २.२१९ ला बहुधा गोळी आट्यांपर्यंत पोचलीच नव्हती, वाटेत अडली आणि तुम्ही टेकली समजून थांबलात. शॉपवर मायक्रोमीटर पहिल्यांदा हातात आला तेव्हा आमचे फोरमन काका रॅचेट (जोर आपोआप मर्यादित ठेवणारी टोकाची मूठ) सोडून थिंबल (मुख्य फिरती नळी) पिळणाऱ्याच्या हातावर फूटपट्टी मारायचे. इथेही तेच. एका हाताने पुंगळी पुढे दाबून धरा, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी दांडी सरकवा, टेकल्याचं जाणवलं की थांबा. एकच गोळी वापरून दहा वेळा करा. टोकाची मापं सोडा, मधली जिथे दाटीवाटीने येतात ते तुमचं. तुमच्या पाचपैकी तीन २.२३१ ते २.२३३ मध्ये आहेत, म्हणजे तुम्ही आधीच बरोबर होता.

अजून एक. गेजसोबत येणाऱ्या पुंगळीचा खांदा (मानेखालचा उतार) तुमच्या चेंबरमध्ये (बॅरलमागची काडतूस बसायची जागा) उडवलेल्या पुंगळीपेक्षा थोडा मागे असतो. त्यामुळे दोन-चार थाऊ कायमची चूक राहते. ती नेहमी सारखीच असल्यामुळे फारसं बिघडत नाही, पण मन खात असेल तर स्वतःच्या उडवलेल्या पुंगळीच्या बुडाला भोक पाडून ५/१६-३६ चा टॅप मारून घ्या, म्हणजे तीच गेजवर चढेल.

रानडुक्कर_ओक्लाहोमा
मी गेज विकून टाकलं. बोल्टमधून फायरिंग पिन आणि इजेक्टर काढतो, आणि एक डमी बनवतो: साइझ केलेली पुंगळी, गोळी, आत ना प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) ना पावडर. गोळी मुद्दाम लांब ठेवायची. बोल्टचा दांडा अडतो. मग दोन-दोन थाऊ आत दाबत जायचं. ज्या मापाला दांडा स्वतःच्या वजनाने खाली पडतो, ते आट्यांचं माप. हाताच्या जोराचा प्रश्नच उरत नाही. डमीच्या पुंगळीला आडवं भोक पाडून ठेवा, म्हणजे खऱ्या काडतुसांत मिसळणार नाही.

आणि तो २.२३२ हा आकडा कोणाला सांगू नका, कोणाचा घेऊही नका. तो तुमचा कम्पॅरेटर, तुमची गोळी आणि तुमचं चेंबर या तिघांचा आकडा आहे. माझ्या मित्राने दुसऱ्या कंपनीच्या गोळीला तोच आकडा लावला आणि बोल्ट ठोकून बंद करायची वेळ आली.

धागाकर्ता
मग टोकापर्यंतची लांबी मोजायचीच नाही?

रानडुक्कर_ओक्लाहोमा
फक्त मॅगझिनमध्ये मावतं का ते बघायला. प्लास्टिकच्या टोकाची लांबी गोळीगणिक बदलते, आट्यांना टेकतो तो फुगवटा.

आकडेमोड
मी बंदूक चालवत नाही, पण रोज आकड्यांशीच मारामारी असते, म्हणून दुसऱ्या प्रश्नावर बोलतो. काहीही न बदलता, एकाच लोडचे तीन-तीन गोळ्यांचे चार ग्रुप मारा. त्या चारांत जेवढा फरक पडेल, तेवढा फरक तुमच्या चाचणीत "काहीच घडलं नाही" असं म्हणतो. तोपर्यंत ०.६ आणि १.३ यांचा काही अर्थ लावू नका.

भोसरीचा फिटर
+१. दहा-दहा थाऊचे टप्पेही फार बारीक आहेत. बर्गर या गोळ्यांच्या कंपनीने त्यांच्या व्हीएलडी (लांब, निमुळत्या) गोळ्यांसाठी सुचवलेली पद्धत चाळीसेक थाऊंच्या टप्प्यांची आहे. आधी मोठ्या पावलांनी गाव शोधा, मग गल्ली.

तिसरा प्रश्न: डायमधला दट्ट्या गोळीच्या टोकाला टेकतो की खाली बाजूंना? लांब प्लास्टिक टोकाच्या गोळ्यांत बऱ्याचदा तो टोकालाच लागतो, मग टोकाचा सगळा फरक खोलीत उतरतो. गोळीच्या टोकाला मार्कर फासा, दट्ट्यात दाबून फिरवा, शाई कुठे पुसली जाते ते बघा. लांब गोळ्यांसाठी वेगळा दट्ट्या मिळतो. पुंगळीच्या मानेची पकड कमीजास्त असेल किंवा गोळी पावडरला दाबत असेल, तरी ती परत वर सरकते.

कोलोरॅडोकर काकू
सगळे मापात रमलेत, म्हणून मी कंटाळवाणं बोलते. गोळी आट्यांना टेकवली की दाब वाढतो. खूप आत बसवली की पुंगळीतली जागा कमी होते, त्यानेही दाब वाढू शकतो. खोली मोठ्या फरकाने बदलली की पावडर मॅन्युअलच्या सुरुवातीच्या आकड्यावर आणायची आणि तिथून पुन्हा हळूहळू वर जायचं. इथे कोणी पावडरचे ग्रेन विचारू नका, देऊही नका.

आणि शिकारीच्या काडतुसात गोळी आट्यांत रुतवायचीच नाही. संध्याकाळी न उडवलेलं काडतूस काढायला गेलात तर पुंगळी हातात, गोळी बॅरलमध्ये आणि पावडर ट्रिगरमध्ये. माझ्या नवऱ्याने ट्रकच्या बोनेटवर टॉर्चच्या उजेडात एक अख्खी संध्याकाळ त्यात घालवली आहे.

साताऱ्याचा पाहुणा
थोडं अवांतर. आमच्याकडे शेतीसंरक्षणाची परवान्याची बंदूक आहे. हे आपल्याकडे करता येईल का?

कोलोरॅडोकर काकू
नाही हो. काडतुसं बनवायला आयुध कायदा १९५९ प्रमाणे वेगळा परवाना लागतो, बंदुकीच्या परवान्यात ते येत नाही. परवानाधारक दुकानातूनच घ्या.

भोसरीचा फिटर
आणि आपले नेमबाज यात पडतच नाहीत. स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य घेतलं, तो प्रकार पॉइंट टू-टू (०.२२ इंच) काडतुसाचा. त्या काडतुसाचं प्रायमर बुडाच्या काठातच असतं, ते पुन्हा भरायची सोय नाही. म्हणून मोठे नेमबाज काडतुसांचे वेगवेगळे लॉट (कारखान्यातल्या खेपा) आपल्या बॅरलमधून मारून बघतात आणि जो जमतो तो उचलतात. तुम्ही खोली बदलता, ते खोकं बदलतात.

धागाकर्ता
धागा वर काढतोय, दोन शनिवार गेले.

आधी आकडेमोड यांचा गृहपाठ. २० थाऊचा तोच लोड, चार ग्रुप: ०.६, १.२, ०.८, १.१. म्हणजे माझ्या पहिल्या चाचणीत काहीही सापडलं नव्हतं, आणि मी त्यावर ४० गोळ्या आणखी भरून ठेवल्या होत्या.

शाईची परीक्षा: दट्ट्या टोकालाच लागत होता. नवीन दट्ट्या बसवला, आता फरक दीड थाऊच्या आत. डमीने माप घेतलं तर आटे २.२३४ ला आले, गेजच्या मापाहून दोन थाऊ पुढे, फिटर म्हणाले तसंच.

मग काकूंचं ऐकून पावडर खाली आणली आणि २०, ६० आणि १०० थाऊ उडीला दहा-दहा गोळ्या मारल्या. २० ला १.३ इंच, ६० ला १.१, १०० ला १.९. पहिल्या दोघांत निवडण्यासारखं काही दिसत नाही. ६० घेतोय, कारण मॅगझिनमधून कुठेही अडत नाही आणि आटे झिजून पुढे सरकले तरी लगेच काही हलवावं लागणार नाही. बरोबर आहे ना?

भोसरीचा फिटर
बरोबर. आता महिनाभर गेजला हात लावू नका, २०० यार्डांवर बसून मारा.

धागाकर्ता
आणि त्या भरून ठेवलेल्या ४० गोळ्यांचं काय करू?

रानडुक्कर_ओक्लाहोमा
इकडे या. डुकरं उडी मोजत नाहीत.