जुनं टेबल आणि घरात लहान पोर

आजेसासूबाईंचं टेबल घासून रंगवायचंय आणि घरात दोन वर्षांची लेक आहे, असं एका आईने विचारलंय म्हणून लिहिते. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगांत ९० पीपीएमच्या (म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या) वर शिसं नको, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. म्हणून कोरडा पॉलिश पेपर मारूच नका. धूळ फरशीवर बसते आणि पोरं तेच हात तोंडात घालतात. रंग घट्ट असेल तर ओल्या वॉटर पेपरने (पाण्यात भिजवून वापरायचा पॉलिश पेपर) नुसती चमक घालवा, तीही लेक आजीकडे असताना, आणि पुसलेल्या चिंध्या टाकून द्या. पोपडे सुटत असतील तर घासून रंगवायचा नाद सरळ सोडा.

मग प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा हात) आणि पाण्यात मिसळणारा इनॅमल रंग. वास कमी, ब्रश नळाखाली धुता येतो.

लेकीलाही काम हवंच! आमच्याकडे ड्रॉवरला गेरूसारखा रंग देऊन चिरंजीवांच्या हाती पांढरा रंग आणि कापसाची काडी दिली. वारलीतला बैल काढायचा होता, झाला उंदीर. तसाच ठेवलाय.

आणि हो, ड्रॉवरचं उंच कपाट असेल तर रंगाआधी एल-क्लॅम्पने (एलच्या आकाराची लोखंडी पट्टी) भिंतीला आवळा. मुलं ड्रॉवरची शिडी करतात.