मदत हवी आहे: आठ महिन्यांच्या लेकराला घरातलंच जेवण द्यायचंय, पण मिठाचं काय करू?

नमस्कार. आम्ही परभणी जिल्ह्यात गावी राहतो. घर एकत्र आहे, सगळ्यांचा स्वयंपाक एकदाच होतो. लेक आठ महिन्यांची आहे. सहा महिने नुसतं अंगावरचं दूध होतं, आता वरचं खाणं सुरू केलंय. खायची आवड आहे तिला, ताटाकडे झेपावते.

दवाखान्यात दोन गोष्टी सांगितल्या. वर्षाची होईपर्यंत मीठ-साखर घालू नका, आणि लेकराला घरातलंच जेवू द्या. दोन्ही पटतात, पण एका स्वयंपाकात बसवायच्या कशा? आमच्याकडे दाळ कुकरला लावतानाच मीठ पडतं. भाजीला पाणी सुटावं म्हणून सुरुवातीलाच मीठ. आमटीत येसर, बाकी सगळ्यात काळा मसाला. सुगीच्या दिवसांत सकाळी सगळ्यांचे डबे शेतात जायचे असतात, तेव्हा वेगळं भांडं चढवायला खरंच सवड नसते.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणतात, "अळणी खाऊन लेकराच्या अंगाला काय लागंल? आमची लेकरं ह्याच वरणावर वाढली." त्या नातीला जीव लावतात. मी शेतात असते तेव्हा त्याच भरवतात, त्यामुळे त्यांना न दुखावता काही करायचंय. त्यांची आणखी एक शंका आहे: उन्हाळ्यात लेकरू घामाघूम होतं, मग मीठ नको का? मला उत्तर देता आलं नाही.

थोडं मीठ चालतं का? चाललं तर किती? आणि एकाच स्वयंपाकात तुम्ही कसं जमवलं, ते सविस्तर सांगा.

प्रतिसाद, उदगीरहून:

ताई, आमच्याकडेही एकत्र घर, म्हणून आधी हिशोब सांगते. ब्रिटनच्या आरोग्यसेवेचा नियम असा की वर्षाच्या आतल्या बाळाच्या पोटात दिवसभरात 1 ग्रॅमपेक्षा कमी मीठ जावं, त्यात दुधातलंही आलं. एक ते तीन वर्षांना 2 ग्रॅम. मोठ्या माणसासाठी जागतिक आरोग्य संघटना 5 ग्रॅमच्या आत म्हणते, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा.

आता आपलं वरण बघा. सहा वाट्या वरणाला दीड चमचा मीठ धरलं तर 9 ग्रॅम झालं, वाटीला दीड ग्रॅम. लेकराने अर्धी वाटी खाल्ली की पाऊण ग्रॅम तिथंच संपलं. म्हणून "थोडं चालतं का" याचं माझं उत्तर: वरून चिमूटही नको. तिला लागतं तेवढं दुधातून आणि साध्या दाळ-भाजीतून मिळतंच.

वेगळा स्वयंपाक मात्र करू नका. फक्त मीठ पडायची वेळ बदला. कुकरला दाळ नुसत्या हळदीवर लावा. शिजली, घोटली की लेकराची वाटी आधी काढा, मग बाकीच्या दाळीला फोडणी, येसर, मीठ सगळं. तिच्या वाटीत थोडं तूप आणि जिऱ्याची पूड घाला. लाल भोपळा, दुधी, गाजर जे असेल त्याच्या दोन फोडी त्याच कुकरात वरच्या डब्यात ठेवा, हाताने कुस्करल्या की झालं. पालेभाजी असेल तर मीठ-मिरची पडायच्या आधी मऊ शिजलेली दोन चमचे उचला. खिचडीला मीठ सुरुवातीलाच घालायची सवय असते, त्या दिवशी मीठ पाण्यात विरघळवून शेवटी घाला.

आपल्याकडची जमेची बाजू म्हणजे ज्वारीची भाकरी. बहुतेक घरांत तिच्या पिठात मीठ नसतंच. गरम भाकरीचा पापुद्रा काढून आतला मऊ भाग त्या बिनमिठाच्या वरणात भिजवा आणि कुस्करून द्या. पोळीची कणीक मात्र मिठाची असते, तेव्हा लेकराला भाकरीच बरी.

खरी भीती मला वरणाची नाही, येता-जाता हातात दिल्या जाणाऱ्या वस्तूंची वाटते. बिस्कीट, खारी, टोस्ट, पापडाचा तुकडा, लोणच्याचा खार बोटाने चाटवणं. मुरमुरेसुद्धा खारवलेले असतात, म्हणून सुशीला, म्हणजे फोडणीचे मुरमुरे, लेकरासाठी नाही. पाकिटावर सोडियम लिहिलेलं असेल तर त्याला अडीचने गुणा, तेवढं मीठ. 400 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 1 ग्रॅम.

आत्याबाईंशी वाद घालू नका. "आधी वाटी काढायची" हे काम त्यांच्याच हाती द्या. आमच्या घरी आजीने लेकराची वाटी स्वतः काढायला घेतली आणि विषय तिथंच मिटला.

प्रतिसाद, परिचारिका, नांदेड:

वरचं सगळं बरोबर आहे, मी फक्त घामाचं बोलते, कारण त्यात गल्लत होते. एवढ्या लहान लेकराचं मूत्रपिंड जादा मीठ बाहेर टाकायला अजून तयार झालेलं नसतं. उन्हाळ्यात त्याला मीठ वाढवायचं नाही, दूध वाढवायचं. अंगावर जास्त वेळा घ्या, जेवणासोबत वाटीने उकळून गार केलेलं पाणी पाजा.

पण जुलाब लागले तर मिठाची भीती धरून ओआरएस टाळू नका, ही कळकळीची विनंती. त्यातलं मीठ मोजून घातलेलं असतं आणि तेव्हा ते औषध असतं. एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायचं. कमी पाण्यात केलं तर मिठाचं प्रमाण वाढून अपाय होतो. अंगावर पाजणं चालू ठेवा. लेकरू सुस्त पडलं, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली तर लगेच दवाखान्यात न्या.

मीठ बंद म्हणजे आयोडीन बंद, अशीही शंका येते. लेकराला ते तुमच्या दुधातून जातं, म्हणून तुमच्या ताटात खडेमीठ नको, आयोडीनयुक्त मीठच हवं.

मिठाऐवजी गोड म्हणून मध चाटवू नका, वर्षाच्या आत तो धोक्याचा असतो. शेंगदाणा द्यायचा तर अगदी बारीक कूट वरणात मिसळून द्या. अख्खा दाणा घशात अडकतो, पाच वर्षांपर्यंत नको.

धागा लिहिणारी:

दोघींचे मनापासून आभार. दीड चमच्याचा हिशोब आत्याबाईंना वाचून दाखवला. त्यांनी मिठाचा चमचा हातात घेऊन बघितला आणि म्हणाल्या, "एवढं असतंय व्हय वाटीत?" वाटी काढायचं त्यांनीच कबूल केलंय.

एकच राहिलं. मेतकूट भातावर घालून द्यावं म्हणतात, ते चालेल का?

प्रतिसाद, उदगीरहून:

घरी दळणार असाल तर चालेल. दाळी, तांदूळ, गहू भाजून घ्या, जिरे-हळद घाला, मीठ आणि मिरची वगळा. तिचा डबा वेगळा ठेवा, आणि त्यातलं मोठ्यांनी घेताना वरून मीठ घ्यायचं. विकतच्या मेतकुटात बहुधा मीठ असतं, ते लेकरासाठी नको.