तळावपाळीचं चर्च आणि सिमेंटचा सल्ला

चेंदणीकर: काल इथे एकाने लिहिलं की ठाण्यात तळावपाळीच्या सेंट जॉन द बॅप्टिस्टसारख्या जुन्या चर्चांना ओल आली की चुना खरवडा, सिमेंटचं प्लास्टर करा, वर ऑइल पेंट मारा. हा सल्ला भिंतीच्या मुळावर येणारा आहे. त्या काळच्या दगडी भिंतीत ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतलं पाणी वर चढतं आणि चुन्यातून उडून जातं. सिमेंटने ती वाट बुजवली की पाणी आणखी वर चढतं, खार प्लास्टरमागे साठतो, आणि पोपडा सुटताना दगडाचा पापुद्राही घेऊन येतो. आधी पन्हळी साफ करा, बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा खाली घ्या. मग सांधे इंचभर खरवडून, भिंत भिजवून, एक भाग मुरलेला चुना नि तीन भाग धुतलेली वाळू. एक थर 10-12 मिमी, जास्त नाही.

खोपटकर: पुस्तकात ठीक आहे. नुसता चुना हवेवर घट्ट होतो, आतपर्यंत पोचायला महिने जातात. मेमध्ये लावलात की जूनच्या पहिल्या झडीत वाहून जाणार. आणि चुन्यात हात बसलेला गवंडी आणणार कुठून?

चेंदणीकर: मेमध्ये लावायला सांगितलंय कोणी? नोव्हेंबरात सुरू करा, आठवडाभर ओलं गोणपाट ठेवा. पावसाच्या माऱ्याच्या बाजूला चुन्यात सुरखी, म्हणजे विटांची पूड, घाला, ती ओलीतही धरते. फक्त विटा मंद भाजलेल्या हव्यात, झामा, म्हणजे जास्त भाजलेल्या, विटेची पूड निरुपयोगी.

वसईचा: प्लास्टर राहू द्या, त्या पोस्टमधला इतिहास आधी दुरुस्त करा. ख्रिस्ती धर्म ठाण्यात पोर्तुगीजांनी आणला म्हणे! 1321 मध्ये फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती संघाचे चार साधू याच ठाण्यात मारले गेले, त्याच संघाच्या ओडोरिक या प्रवाशाने त्यांच्या अस्थी चीनपर्यंत नेल्या. आणि मराठ्यांनी ठाणं घेतलं 1737 मध्ये. 1739 ही वसईची साल. वसईच्या चर्चमधल्या घंटा देवळांत गेल्या, त्या आता परत द्यायला हव्यात.

घाटावरचा: का म्हणून? वाईजवळच्या मेणवलीच्या घंटेवर 1707 साल आहे, भीमाशंकरच्या घंटेवर 1729. अडीचशेहून जास्त वर्षं त्या देवळांच्या झाल्यात. युद्धात जिंकलेलं परत मागायचं तर यादी संपणार नाही.

वसईचा: जिंकलं म्हणजे मालकी, हाच न्याय पोर्तुगीजांनी इथल्या देवळांना लावला होता. तो तुम्हाला चालतो का?

घाटावरचा: तो अन्यायच होता. म्हणून आज भाविकांच्या डोक्यावरची घंटा उतरवायची? हे मला कधीच पटणार नाही.

चेंदणीकर: दोघेही मालकीवर भांडताय, घंटेकडे कोणी बघत नाही. काशाची घंटा कडक असते पण ठिसूळ. लोलक वर्षानुवर्षं एकाच जागी आपटला की तिथे खळगा पडतो, मग तडा जातो. घंटा आसावर पाव फेरा फिरवून टांगायची, म्हणजे मार नव्या जागी बसतो. लोलक पोलादाचा नको, मऊ लोखंडाचा हवा. तडा गेल्यावर साध्या वेल्डिंगने आवाज परत येत नाही.

घाटावरचा: हे देवळांनाही लागू आहे, तेवढं मान्य. परत देण्याचं नाही.

वसईचा: निदान घंटेशेजारी ती कुठून आली याची पाटी तरी लावा.

खोपटकर: सुरखीचं मी मान्य करतो, नाइलाजाने. पण चर्चच्या त्रिकोणी दर्शनी भिंतीच्या माथ्यावर, क्रूसाच्या बैठकीशी, पाणी उभं राहतं. तिथे चुना टिकत नाही.

चेंदणीकर: तिथे सिमेंटही तडकतं. बैठकीला बाहेरच्या बाजूला उतार द्या, वर शिशाचा पत्रा घाला आणि त्याची कड भिंतीपासून दोन इंच पुढे काढा.