मुंबईत स्वस्त मुक्काम : कामाच्या ठिकाणाजवळ की लोकलच्या स्टेशनाजवळ?

वारणाकाठ (धागालेखक)

आमच्या भागातल्या माणसाला वर्षातून दोन-तीनदा तरी मुंबई गाठावी लागते. कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाल्यापासून उच्च न्यायालयाच्या तारखांसाठीच्या खेपा थांबल्या असल्या, तरी मंत्रालय, मुलांच्या परीक्षा आणि मोठी रुग्णालये यांच्यासाठी जाणे सुटलेले नाही. अशा वेळी नातेवाइकांच्या वन-रूम-किचनमध्ये गादी टाकण्याचा संकोच वाटतो आणि दक्षिण मुंबईतील हॉटेलांचे दर ऐकून छाती दडपते.

माझे मत असे आहे की, मुक्कामाची खोली कामाच्या ठिकाणाजवळ शोधणे हीच मुळात चूक आहे. आधी काम कोणत्या रेल्वेमार्गावर आहे ते पाहावे, मग त्याच मार्गावरचे दूरचे, पण जलद गाड्या थांबणारे स्टेशन निवडावे आणि त्या स्टेशनापासून पायी पाच-सात मिनिटांच्या आत खोली घ्यावी. गेल्या डिसेंबरात आम्ही दोघे मंत्रालयाच्या कामासाठी गेलो होतो. फोर्टमध्ये ३,४०० रुपये भाडे सांगून जी खोली दाखवली, तिची खिडकी उघडली की हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीचे पाइप होते. शेवटी ठाण्याला स्टेशनाजवळ १,९०० रुपयांत स्वच्छ खोली मिळाली. ठाणे ते सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) हे साधारण ३४ किलोमीटरचे अंतर सेकंड क्लासच्या १५ रुपयांच्या तिकिटात कापता येते, म्हणजे दोघांचा जाण्यायेण्याचा खर्च दिवसाला ६० रुपये झाला. दोन रात्रींत तीन हजार रुपये वाचले, आणि एवढ्या पैशांत आमच्याकडे महिन्याचा किराणा येतो. असे असताना लोक अजूनही फोर्ट आणि कुलाब्याचाच आग्रह का धरतात, हे मला समजत नाही.

रानजाई

आपला हिशेब दोन धडधाकट माणसांचा आहे आणि त्यांच्यापुरता तो बरोबरही आहे. मात्र तो सर्वांसाठीचा नियम म्हणून मांडला जाऊ नये, एवढ्यासाठी लिहिते आहे.

दोन वर्षांपूर्वी आईला तपासणीसाठी परळला न्यायचे होते आणि नंबर सकाळी साडेआठचा होता. मीही अगदी असाच विचार करून ठाण्याला खोली घेतली. सकाळी सात वाजता आम्ही फलाटावर उभ्या होतो. आईच्या हातात रिपोर्टांची पिशवी होती आणि ती पिशवी तिने दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. पहिल्या गाडीच्या महिला डब्यात पाय ठेवायलाही जागा नव्हती. दुसऱ्या गाडीत मी चढले, आई खाली राहिली आणि गाडी सुटण्याच्या आत मी पुन्हा उतरले. तिसरी गाडी आम्ही नुसती पाहिली. त्यानंतर टॅक्सी करून परळ गाठेपर्यंत आमचा नंबर निघून गेलेला होता, आणि खोलीच्या भाड्यात जे वाचले होते ते टॅक्सीतच गेले.

तेव्हापासून आम्ही दादर-परळ सोडून कोठेही उतरत नाही. रुग्ण आणि त्यांच्या नातेवाइकांसाठी दादर पूर्वेला संत गाडगे महाराजांच्या मिशनची धर्मशाळा आहे, तसेच परळला नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आहे. रुग्णालयाची कागदपत्रे लागतात आणि प्रत्येक वेळी जागा मिळतेच असे नाही, परंतु हॉटेल शोधण्याआधी तेथे विचारणा अवश्य करावी. जागा नसेल तेव्हा आम्ही परळलाच लहानशा लॉजमध्ये जास्त भाडे देऊन राहतो. ते भाडे मला महाग वाटत नाही.

घाटकोपरी

मी याच शहरात वाढलो असल्यामुळे दोन्ही बाजूंना थोडे चिमटे काढतो.

रानजाई यांच्या आईंना जो त्रास झाला तो वाचून वाईट वाटले. कर्करोगाच्या रुग्णांना लोकलमधील दिव्यांगांच्या राखीव डब्यातून प्रवास करण्याची मुभा असते, हे बाहेरगावच्या बहुतेकांना माहीत नसते. त्यांच्या आईंची तपासणी त्या कारणासाठी असेल, तर पुढच्या खेपेस तो डबा पाहावा.

आता वारणाकाठ यांच्या ‘स्टेशनापासून पाच मिनिटे’ या सूत्राविषयी. मुंबईत हे पाच मिनिटांचे अंतर नकाशावर मोजता येत नाही. आमच्याकडे आलेल्या एका पाहुण्यांनी मोबाइलवर स्टेशनापासून अडीचशे मीटर दाखवणारे हॉटेल निवडले होते. अडीचशे मीटर खरेच होते, फक्त मधून रेल्वेचे रूळ जात होते. पूर्वेला उतरलेल्या त्या माणसाने दोन बॅगा घेऊन पादचारी पुलाचा जिना चढला, गर्दीतून पूल ओलांडला, पलीकडे उतरला आणि भाजीच्या हातगाड्यांमधून वाट काढत पाऊण तासाने हॉटेलच्या दारात पोहोचला. त्यामुळे खोली पूर्वेला आहे की पश्चिमेला, हा प्रश्न भाड्याच्याही आधी विचारावा. दुसरा प्रश्न जलद गाडीचा, आणि तो त्यांनी योग्यच मांडला आहे. घाटकोपरला जलद गाडी थांबते, शेजारच्या विद्याविहारला थांबत नाही, आणि दोन मिनिटांच्या अंतरावरच्या या दोन स्टेशनांमुळे रोजच्या प्रवासात बराच फरक पडतो. तिसरी गोष्ट हार्बर मार्गाची. वाशीला खोल्या चांगल्या मिळतात, पण ती गाडी कुर्ला, वडाळा, शिवडी करत सीएसएमटीला जाते; दादर आणि परळ तिच्या वाटेवर नाहीत. शिवाय रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद ठेवतात किंवा वळवतात, तेव्हा रविवारच्या परीक्षेसाठी येणाऱ्यांनी आदल्या दिवशी वेळापत्रक न पाहता दूर राहणे धोक्याचे आहे.

माझी स्वतःची सूचना तिसरीच आहे. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो-३ ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण मार्गावर धावू लागली आहे. अंधेरी पूर्वेला मरोळ नाक्याच्या आसपास मध्यम दराची हॉटेले पुष्कळ आहेत, आणि तेथून थेट विधान भवन स्थानकाला उतरले की मंत्रालय चालण्याच्या अंतरावर येते. पूर्ण मार्गाचे कमाल भाडे ७० रुपये आहे. लोकलच्या तुलनेत ते जास्त आहे, पण फलाटावर उद्वाहक (लिफ्ट) आहे, डबा वातानुकूलित आहे आणि बॅग हातात धरून उभे राहता येते.

दप्तरी

मी सीएसएमटीजवळच्या एका लॉजच्या काउंटरवर अकरा वर्षे बसलो आहे, म्हणून पलीकडची बाजू सांगतो.

फोर्टमधील खोल्या महाग असण्यामागे नुसती हाव नाही. इमारती जुन्या आहेत, जागा थोडी आहे आणि आठवडाभर कार्यालयीन कामाची गिऱ्हाइके असतात. तीच खोली आमच्याकडे शनिवार-रविवारी कमी दरात जात असे, फक्त त्यासाठी फोन करून विचारावे लागे, कारण अ‍ॅपवर दिसणाऱ्या दरात त्यांचे कमिशन धरलेले असते. खोली ठरवताना भाड्याइतकेच महत्त्व चेकआऊटच्या पद्धतीला द्यावे. ‘चोवीस तास’ पद्धत असेल, तर पहाटे पाचला उतरलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी पहाटे पाचपर्यंत खोली मिळते. दुपारी बाराची पद्धत असेल, तर पहाटे येणाऱ्याला एक तर सात तास बाकावर बसावे लागते किंवा आणखी एका दिवसाचे भाडे द्यावे लागते. गावाकडची बहुतेक मंडळी रात्रीच्या गाडीने पहाटेच येतात, आणि त्यांची सर्वाधिक भांडणे मी याच एका कलमावरून पाहिली आहेत. कर वेगळा की भाड्यातच, हेही आधी विचारून घ्यावे. सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी १२ ऐवजी ५ टक्के झाला आहे.

वारणाकाठ यांना पाइप दिसणारी खोली दाखवली गेली, कारण ती आधी दाखवायची असते. दुसरी मागितली असती तर मिळाली असती.

एकटीच

मी कामानिमित्त एकटी फिरते, म्हणून या वादात एक भर घालते. दिवसा पाच मिनिटांची असलेली वाट रात्री अकरानंतर तशी राहत नाही. लोकल मध्यरात्रीनंतरही काही वेळ चालते, पण मेट्रो-३ रात्री साडेदहाच्या सुमारास बंद होते, हे घाटकोपरी यांनी सांगायला हवे होते. मी खोली घेण्याआधी स्टेशन ते हॉटेल या वाटेवर रात्री कोणती दुकाने उघडी असतात, हे काउंटरवर फोन करून विचारते. उत्तर देताना समोरचा माणूस अडखळला, तर मी ती खोली घेत नाही. आतापर्यंत तरी ही कसोटी मला उपयोगी पडली आहे.

वारणाकाठ

सर्वांचे आभार. दप्तरी यांनी सांगितलेले चोवीस तासांचे कलम मला नवीन होते, आणि दुसरी खोली मागण्याचे मला सुचले नाही हेही कबूल करतो. रुग्णाला घेऊन ठाण्याला राहू नये, हे रानजाई यांचे म्हणणे मी पूर्णपणे मान्य करतो.

परंतु मूळ मत मी सोडत नाही. मरोळची मेट्रो दोघांना जाण्यायेण्यास दोनशे रुपयांच्या घरात नेते, त्यात चार दिवस राहिले की ठाण्याशी तुलनाच होत नाही. गर्दी खरी आहे, मात्र ती वेळेची असते. सकाळी आठ ते अकरा टाळले, किंवा ठाण्याहूनच सुटणारी धीमी गाडी पकडली, तर तासाभराहून थोडा जास्त वेळ लागतो, पण बसायला जागा मिळते. आम्ही दोघे तिन्ही फेऱ्यांत बसून गेलो.

रानजाई

घाटकोपरी, त्या डब्याची माहिती आम्हाला त्या वेळीही होती. तो फलाटाच्या कोणत्या टोकाला येतो हे माहीत नव्हते, आणि आम्ही उभ्या होतो तेथून आईला तेथवर चालवत नेईपर्यंत गाडी सुटली असती.

वारणाकाठ, आठ ते अकरा टाळा हा सल्ला उत्तम आहे. रुग्णालयाची ओपीडी मात्र त्याच वेळेत असते. पुढच्या महिन्यातील तपासणीची वेळही सकाळी पावणेनऊची मिळाली आहे. खोली परळलाच घेतली आहे, आणि चेकआऊट चोवीस तासांचे आहे का, ते आज संध्याकाळी फोन करून विचारणार आहे.